नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र: इमारतीचे आरसीसी नकाशे रहिवाशांच्या हाती द्या

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी ठाण्यात जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करतो. नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी भागांतल्या तीन-चार मजली इमारतींत माझे बहुतेक काम चालते. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मी सगळ्यात आधी आरसीसी नकाशे, म्हणजे काँक्रीटमध्ये सळ्या कुठे आणि किती हे दाखवणारे नकाशे, मागतो. बहुतेक ठिकाणी पुढे येतो तो महापालिकेने मंजूर केलेला प्लॅन. त्यात खोल्या, जिने, मोकळी जागा सगळे असते. बीममध्ये सळ्या किती, किती जाडीच्या, वर आहेत की खाली, एवढेच नसते. आणि मला नेमके तेच हवे असते.

दोन कॉलमांवर टेकलेल्या बीमवर वजन आले की तो मध्यावर खाली वाकतो. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारच थोडा. म्हणून मुख्य सळ्या खाली असतात. बाल्कनीचे याच्या उलट. तिचे एकच टोक धरलेले असते, त्यामुळे ताण वर येतो आणि सळ्याही वरच्या बाजूलाच लागतात. स्लॅब ओतताना या सळ्या मजुरांच्या पायांखाली दबून खाली गेल्या, तरी बाल्कनी बाहेरून ठणठणीत दिसते. पावसाचे पाणी वरूनच मुरते, म्हणजे गंजही आधी याच सळ्यांना लागतो. खिडकीवरच्या छज्ज्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो ज्या बीमला जोडलेला असतो त्याला पिळतो, आणि तो पीळ सोसायला बीममध्ये मुख्य सळ्यांभोवतीच्या बंद रिंगा पुरेशा जवळजवळ असाव्या लागतात. हे सगळे गिलाव्याआड. कव्हर मीटर पृष्ठभागाजवळच्या सळ्या दाखवतो, त्यांच्या मागच्या थरातल्या बहुधा हुकतात.

अशा इमारतींत लोक बदल करत राहतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही. घर लहान, माणसे वाढलेली, म्हणून बाल्कनी खोलीत घेतली जाते आणि काठावर भिंत चढते. अर्ध्या विटेची तीन मीटर उंच भिंत गिलावा सोडूनही दर मीटरला साधारण 650 किलो भरते. इमारतींवरच्या भारांचे भारतीय मानक आयएस 875 याप्रमाणे बाल्कनीवर माणसे आणि सामान यांचा भार चौरस मीटरला सुमारे 300 किलो धरतात. बाल्कनी एक मीटर बाहेर असेल, तर त्या भाराने तिच्या मुळाशी येणाऱ्या वाकवणाऱ्या जोराच्या चौपटीहून अधिक जोर ही एकटी भिंत आणते, कारण तिचे सारे वजन अगदी टोकाला असते.

तळमजल्यावर दुकान मोठे करण्यासाठी मधला आधार काढणे तर फारच घातक. साध्या टेकलेल्या बीमची लांबी दुप्पट झाली की दर मीटरला तेवढ्याच भाराखाली वाकवणारा जोर चौपट आणि मध्यावरचा झोल सोळापट होतो. शिवाय अनेक आधारांवरून जाणाऱ्या सलग बीमला मधल्या आधाराशी मुख्य सळ्या वर ठेवलेल्या असतात. आधार गेला की ताण तिथेच खालच्या बाजूला येतो, आणि तिथे पुरेशा सळ्या नसतात.

4 ऑगस्ट 2015 रोजी नौपाड्यात कृष्णा निवास इमारत कोसळून 12 माणसे गेली. 30 वर्षे उलटलेल्या इमारतींचे ऑडिट महापालिका कायद्याने सक्तीचे आहे, ते योग्यच आहे. पण आतल्या सळ्यांची माहिती नसताना दिलेल्या प्रमाणपत्रात आम्हा इंजिनिअरांचा अंदाजच जास्त असतो, हे मी आपल्याला स्पष्ट सांगायला हवे.

2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातील कलम 17 नुसार बिल्डरने आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे सोसायटीला द्यायचे असतात. त्या नकाशांत प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे काढलेले, सळ्यांच्या तपशिलासह आरसीसी नकाशे येतात, असे शासनाने नियमांत स्पष्ट लिहावे. एक प्रत महापालिकेत राहावी आणि रहिवाशाने मागितली की मिळावी. हे नकाशे डिझाइन करणाऱ्याची मालमत्ता आहेत, असे उत्तर आम्हाला मिळते. मला ते मुळीच मान्य नाही. ज्याची मुले त्या बीमखाली झोपतात, त्याला बीमच्या आत काय आहे हे कळलेच पाहिजे.

जुन्या इमारतींचे नकाशे आता सापडणार नाहीत, ते नव्याने तयार करावे लागतील. सुरुवात धोकादायक इमारतींच्या वर्गवारीतील सी-2 बी वर्गातल्या, म्हणजे रिकाम्या न करता दुरुस्त करायच्या इमारतींपासून करता येईल. तिथे दुरुस्तीसाठी गिलावा फोडावाच लागतो. तेव्हा उघड्या पडलेल्या सळ्या मोजून, त्यांच्या जाडीसह नकाशावर उतरवून तो महापालिकेत जमा केल्याशिवाय दुरुस्तीचा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असा आदेश आपण काढावा. त्या मोजणीचा खर्च दुरुस्तीच्या मानाने किरकोळ असतो.

आपला,
ठाण्यातील एक स्ट्रक्चरल इंजिनिअर