विषय: कुंपणभिंतीवरील चेंडूच्या कवितेबाबत (दुसरा अर्ज)

मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण सोसायटी, कारेलीबाग, वडोदरा

सप्रेम नमस्कार.

पहिल्या अर्जाची साधी पोचही न मिळाल्याने नाइलाजाने पुन्हा लिहीत आहे. सोसायटीतील मुलांच्या कविता कुंपणभिंतीवर रंगवाव्यात, या ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांत मीही होतो, हे इतिवृत्तात पाहता येईल. तेव्हा मी मुलांच्या किंवा कलेच्या विरुद्ध आहे, ही लिफ्टमधली कुजबुज निराधार आहे. रंगवलेल्या भिंती वडोदऱ्याला नव्या नाहीत. तांबेकर वाड्यात त्या आहेतच, आणि कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीराबाईंचे जीवन असे विषय रंगवले. शेजारच्या गृहस्थांचे जीवन त्यांनी घेतले नाही.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मात्र वीतभर उंच निळ्या अक्षरांत, मराठीत आणि खाली गुजरातीत, असे लिहिले आहे: ‘चेंडू गेला काकांकडे, काकांकडेच राहिला, दिवाळीच्या सफाईतही कुणी नाही पाहिला.’ यात कोणाचे नाव नाही, असे सचिव म्हणतात. परंतु बाजूला काढलेल्या गॅलरीत माझी तुळस आहे आणि माझीच हिरव्या पट्ट्यांची चादर आहे, तिचे ठिगळसुद्धा सुटलेले नाही. दूधवाला हल्ली त्या ओळी मोठ्याने वाचून मगच बेल वाजवतो. चेंडू मी जप्त केलेले नसून सुरक्षित ठेवले आहेत व पालकांनी लेखी मागणी केल्यास ते मिळतील, अशी सूचना मी फलकावर लावली होती; ती कोणी काढली याची चौकशी आजवर झालेली नाही.

लोणा न खरवडता आणि प्रायमर न मारता रंग दिल्याने उत्तरायणाच्या पतंगाची सुंदर कविता पहिल्याच पावसात पापुद्रे धरून गळून पडली. माझ्यासमोरचा पट्टा मी स्वखर्चाने वॉटरप्रूफ करून घेतला होता, त्यामुळे तेवढीच कविता टिकली.

सभासदाला घरात मनःस्वास्थ्य लाभावे, हा पोटनियमांचा हेतू आहे. (गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत असाही एक नियम आहे, तो येथे गैरलागू.) तळमजल्यावरील सर्व कुटुंबे माझ्याशी सहमत आहेत; सही करण्यास ती तूर्त तयार नाहीत, एवढेच.

कविता पुसावी असे मी म्हणत नाही. ‘काकांकडे’ऐवजी ‘वाऱ्याकडे’ करावे. मात्रा तितक्याच भरतात, मी मोजल्या आहेत. हा बदल होईपर्यंत चेंडू परत करण्याचा विचार स्थगित राहील. चादर रंगाने झाकावी. तुळस राहू द्यावी, ती चांगली जमली आहे.

आपला,
तळमजल्यावरील एक सभासद