विषय: .४५० बुशमास्टरच्या डाय सेटमध्ये आलेली चुकीची क्रिम्प डाय आणि तुमच्या मदत केंद्राने दिलेलं धोकादायक उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन व ग्राहक सेवा

तीन फोन झाले, इंग्रजीत दोन मेल झाल्या. मेलला तक्रार क्रमांक आला, उत्तर आलं नाही. आता ज्या भाषेत मला मापं आणि संताप दोन्ही नीट मांडता येतात त्या मराठीत लिहितोय. भाषांतर तुम्ही करून घ्या.

ऑगस्टमध्ये .४५० बुशमास्टर ही रायफलची काडतुसं घरी भरण्यासाठी तुमचा तीन डायचा (साच्यांचा) सेट घेतला. डबीवर काडतुसाचं नाव ठसठशीत छापलेलं आहे. आतली तिसरी डाय गोळी बसवते आणि त्याच दणक्यात क्रिम्पही करते, म्हणजे पुंगळीचं (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचं) तोंड गोळीवर आवळते. आणि हा क्रिम्प रोल क्रिम्प आहे, काठ आत वळवणारा. सोबतच्या कागदावर लिहिलंय की क्रिम्प डोळ्यांना स्पष्ट दिसेपर्यंत डाय खाली घ्यावी. मी तसंच केलं.

चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीत, हे काडतूस पुढे सरकू नये म्हणून कशावर टेकतं हे तुम्हाला मी सांगायचं का? .४५-७० या दुसऱ्या काडतुसाला रिम आहे, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कडा. ती चेंबरच्या मागच्या कडेवर अडकते, म्हणून तिथे पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत कितीही वळवलं तरी टेकण्यात फरक पडत नाही. लिव्हर रायफलच्या मॅगझीनच्या नळीत एकामागे एक काडतुसं असतात, तिथे तसा घट्ट क्रिम्प हवाच. .४५० बुशमास्टरची रिम पुंगळीच्या अंगापेक्षा लहान आहे. हे काडतूस तोंडाच्या काठावर टेकतं. तो काठच आत वळवला तर टेकायचं कशावर? इथे टेपर क्रिम्प लागतो. गोळी बसवण्याआधी तोंड जे किंचित फाकवलेलं असतं ते सरळ करून गोळीला चिकटवायचं आणि काठ चौकोनी ठेवायचा, बस्स.

माझी गोळी ०.४५२ इंच, पुंगळीची भिंत तोंडाशी १३ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे तोंडावर माप ०.४७८ च्या आसपास यायला हवं. तुमच्या डायमधून निघालेलं तोंड ०.४६६ भरलं. प्रत्येक बाजूने सहा थाऊ काठ आत गेला. भिंगाखाली धरलं तर काठ दिसतच नाही, गुळगुळीत गोलाई दिसते. एकाच मापाला कापलेल्या वीस पुंगळ्या होत्या, त्यामुळे लांबीतल्या फरकाचं कारण पुढे करू नका.

रेंजवर वीसपैकी चार उडाल्या नाहीत. काडतूस पुढे सरकलेलं, म्हणून प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) पिनचा नुसता ओरखडा. बाकीच्या सोळा उडाल्या, त्याही माझ्या मते फक्त एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) मागून धरून ठेवल्या म्हणून. चारही वेळा नळी निशाणाकडे ठेवून मी मनात तीस आकडे मोजले आणि मग बोल्ट उघडला. माझी सतरा वर्षांची मुलगी डाव्या हाताला बसून हे बघत होती. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी ओहायोत हरणांचा गन सीझन सुरू होतो आणि यंदा ती पहिल्यांदा येणार होती. इथे २०१४ पासून हरणांसाठी सरळ भिंतीच्या (स्ट्रेट वॉल, म्हणजे तोंडाशी अरुंद मान नसलेल्या) काडतुसांच्या रायफली चालतात. तिच्यासाठीच ही रायफल घेतली होती.

आता शेवटचा फोन. गुरुवारी संध्याकाळी. तुमच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, क्रिम्प कमी पडतोय. डाय अजून अर्धा फेरा खाली घ्या." मी विचारलं, हे काडतूस टेकतं कशावर ते तुम्हाला माहीत आहे का? कीबोर्डचा आवाज आला. मग उत्तर: "सर, स्ट्रेट वॉल म्हणजे स्ट्रेट वॉल. .४५-७० वाल्यांची काहीच तक्रार नाही." मी रिमचा फरक समजावून सांगितला. तो म्हणाला, "नव्याने भरायला लागलेल्यांचं असं होतं." मी म्हटलं, मी डायमेकर आहे. आधी भोसरीत आणि मग इथे, बावीस वर्षं डाय बनवतोय. त्याने मला अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन वाचून दाखवल्यासारखं म्हणाला, "टेक्निकल टीमशी बोललो. सेटिंगची चूक आहे. तुम्ही कारखान्यात भरलेली काडतुसं वापरून पाहिलीत का?"

काडतुसं भरायची डाय विकणारी कंपनी डायच्या गिऱ्हाइकाला तयार काडतुसं घ्यायला सांगते. बावीस वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकाशी असं कधी बोललो नाही. मालक मला त्याच दिवशी घरी पाठवता.

आणि मुळात तो सल्लाच जीवघेणा आहे. अजून अर्धा फेरा म्हणजे काठ अजून आत. काडतूस पुढे सरकलं आणि गोळी सोडायला तोंडाला उघडण्यापुरती जागा उरली नाही तर दाब कुठे जातो, हे तुमच्या टेक्निकल टीममधल्या एकाला तरी कळत असेल. मी त्याचं ऐकलं नाही. पण तुमच्या कागदावर विश्वास ठेवून कोणीतरी ऐकेल, आणि कागदावर आजही तेच छापलेलं आहे.

मी तुमच्याच .४५-७० च्या डाय नऊ वर्षं वापरल्या. त्यांच्यात कणभर खोट नव्हती, म्हणून हा सेट घेताना दुसरीकडे बघितलंही नाही. त्याचं जास्त वाईट वाटतं.

मला हवंय ते असं. या सेटमध्ये टेपर क्रिम्पची डाय पाठवा, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. कागद बदला. आणि ज्यांनी हा सेट विकत घेतलाय त्या सगळ्यांना तोंडाच्या काठाबद्दल लेखी कळवा. ही शेवटची मागणी मी सोडणार नाही. चौदा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ओहायोच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार जाईल आणि आमच्या क्लबच्या फलकावर ही मापं फोटोसकट लागतील.

न उडालेल्या चारही काडतुसांतल्या गोळ्या काढून दारू वेगळी केली आहे. पुंगळ्या डबीत ठेवल्यात, तोंडाला हात लावलेला नाही. तुमचा माणूस मायक्रोमीटर घेऊन आला तर दाखवीन. फोन मात्र करू नका.

एक ग्राहक
ओहायो