मामा, तुमचे नऊ आठवडे

प्रिय मामा,

फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही 'बरं बरं, काठीवरची ग्रिप कशी आहे ते सांग' म्हणता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. मी गोल्फचा प्रो, म्हणजे बक्षिसावर जगणारा खेळाडू; तुम्ही माझे कॅडी, म्हणजे बॅग वाहून फटक्याचा सल्ला देणारे.

गोल्फ म्हटलं की लोकांना हिरवळ आणि पैसेवाले दिसतात. आमचं गणित वेगळंच. एन्ट्री फी, रेल्वे, लॉज, कॅडीची फी, सगळा खर्च खिशातून. 36 होल झाले की कट, म्हणजे चाळणी, लागतो. साधारण 50 जण पुढे खेळतात, बाकीचे रिकाम्या हाती घरी. (प्रो म्हणजे महिन्याचा पगार असेल, असं आमच्या आत्याला आजही वाटतं.)

त्या वर्षी माझे सलग नऊ कट हुकले. बक्षिसातला टक्का तर सोडाच, तुमची ठरलेली फीसुद्धा देता येईना. तुम्ही दर वेळी क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, पुसून बॅगेत ठेवायचात आणि म्हणायचात, 'पुढच्या आठवड्याला बघू.' कॅडीचाच अली शेर झाला आणि 1991 साली दिल्लीत इंडियन ओपन जिंकला, हे तर किती वेळा ऐकवलंत! जणू त्या दिवशी बॅग तुमच्याच खांद्यावर होती. आणि आपल्या पुण्याचा उदयन माने. अर्जेंटिनाच्या ग्रियोने नाव मागे घेतलं म्हणून तो टोकियो ऑलिंपिकला गेला. 'रांगेत होता म्हणून नंबर लागला. तू रांग सोडू नकोस,' इतकंच तुमचं म्हणणं.

दहावा आठवडा. अठराव्या होलला पाच फुटांचा पट (बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका), आत गेला तर कट पार. मला लाइन सरळ दिसत होती. तुम्ही उकिडवे बसलात. 'गवत चमकतंय बघ, म्हणजे ते होलकडे झोपलंय. बॉल पळेल. हलका मार, डाव्या काठावर.' येरवड्याच्या कोर्सवर बॅगा वाहता वाहता शिकलेली ही नजर मला अजून आलेली नाही. पट गेला. चेक इतका छोटा होता की आपण दोघं हसलोच.

तुम्ही थकबाकी कुठेच लिहून ठेवली नाहीत, मी ठेवली होती. नऊ आठवडे. ताईकडून तुमचा जीपे नंबर घेतलाय. पैसे परत पाठवलेत, तर येरवड्याला येऊन हातात देईन.

तुमचा,
वाकड्या ग्रिपचा भाचा