काकाजी, उंबरठ्यावर रंधा मारला नाही त्याबद्दल

काकाजी, नमस्कार.

तुमच्याकडं साधा बटनवाला फोन आहे, हे तुम्हाला दिसणार नाही हे माहीत आहे मला. नातू वाचून दाखवेल. नाही दाखवलं तरी लिहायचंच आहे, कारण काल रात्री मी पहिल्यांदा होडीत झोपलो. होडी अजून आंगणातच, टायर अन् तेलाच्या ड्रमांवर टेकवलेली, धरणाचं पाणी तिथून दोन किलोमीटर, बायको म्हणाली खाट काय वाईट आहे, तरी झोपलो. पहाटे बाहेर निघताना पाय त्या उंबरठ्यावर पडला अन् मी तिथंच बसून राहिलो. चहा गार झाला. मग म्हटलं आता लिहूनच टाकू.

बाकी वाचणाऱ्यांना थोडं सांगावं लागेल. काकाजी म्हणजे ज्यांनी मला या होडीचं लाकूडकाम शिकवलं ते. मी २१ वर्षं मुंबईत फिटर होतो, बंदराच्या बाजूला. तिकडं एका आवारात एक २० फुटी शिडाची होडी ताडपत्रीखाली पडून होती, फायबरची, समोरच्या भागात दोन माणसं झोपतील एवढी केबिन. रिटायर व्हायच्या वर्षी मालक म्हणाला ६५ हजार दे अन् घेऊन जा, जागा मोकळी होते माझी. घेतली. आठ-नऊशे किलोमीटर ट्रकवर आणली आमच्या भंडारा जिल्ह्यात, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरच्या काठी. गावात ट्रक शिरला तेव्हा एक जण म्हणाला, काहून भाऊ, मोठा पूर येणार आहे असं सरकारनं फक्त तुम्हालेच कळवलं काय. हसले सगळे. मीपण हसलो.

आत शिरून पाहिलं तेव्हा हसू गेलं. फायबर सडत नाही, आतलं लाकूड सडतं. डोलकाठीच्या बरोबर खाली एक आडवी भिंत असते, प्लायची, काठीचा सगळा भार ती घेते. शिडाच्या तारा जिथं बांधतात तिथल्या पट्ट्यांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपून ती भिंत अशी झालेली की स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर पेढ्यात बोट गेल्यासारखा आत. झोपायच्या फळ्या, कपाटं, छताला चिकटवलेला फोम, सगळं गेलेलं. वास तर विचारूच नका.

अन् मग मी शहाणपणा केला. नागपूरचं एक मोठं फर्निचरवालं दुकान गाठलं, एसी शोरूम, मुलगी पाणी आणून देते, थ्रीडी चित्र दाखवतात. चाळीस हजार ॲडव्हान्स. नाव घेत नाही, घेऊन उपयोग काय. दोन पोट्टे आले, बिचारे बावीस-तेवीसचे, त्यांचा दोष नाही. बुटाचा चिखल घेऊन आत, काटकोन पाहायचा गुण्या लावला, टेप लावला, सरळ रेषेत प्लाय कापला अन् जिथं जिथं फट राहिली तिथं सिलिकॉन भरलं. होडीत सरळ रेष असते कुठं हो? लोखंडी स्क्रू मारले. प्लाय म्हणे एकदम वॉटरप्रूफ. एक पावसाळा गेला अन् तो वॉटरप्रूफ तांदळाच्या पापडासारखा फुगला, कपाटाचं दार बंद झालं ते उघडेचना. फोन केला तर म्हणतात सर, तुमच्याकडं ओल जास्त आहे. होडीत ओल जास्त आहे! मी फोन ठेवून दिला.

दुसरा एक जण आला, तो तर आत बसून व्हिडिओ काढून गेला. कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं, लय सुंदर टाईप केलेलं, लोगोबिगो. त्यानंतर त्यानं फोन उचलला असेल तर शपथ. अन् आमचे इंजिनिअर जावईबापू म्हणाले, भंगारात द्या मामाजी, फायबर कोण घेते म्हणा. असो.

तुमचं नाव सांगितलं ते आमच्या ढीवर म्हणजे मासेमार मित्रानं, त्याच्या बापाचा डोंगा, लाकडी होडी, तुम्ही दुरुस्त केला होता म्हणून. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपल्यावर येतो म्हणालात अन् चुरणं आटोपल्याच्या चौथ्या दिवशी सायकल आंगणात. चपला ड्रमापाशी काढल्या अन् आत गेलात. अर्धा तास काही बोलला नाहीत, नुसते हात फिरवत. मग बाहेर येऊन त्या फुगलेल्या प्लायचा नवा उरलेला तुकडा मागितला अन् घरी धान उकडायची कढई चुलीवर होती त्यात टाकून दिला. मला वाटलं म्हातारा सरकला. सकाळी टाकलेला, संध्याकाळी काढला तर थर सुटून पुस्तकासारखा उघडला. तुम्ही म्हणालात, "हा पान्याचा नाई." एवढंच. नंतर मी शोधून वाचलं की खऱ्या मरीन प्लायचा, ज्याच्यावर आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का असतो, त्याची परीक्षाच अशी असते, ७२ तास उकळत्या पाण्यात. तुम्ही हे वाचलं नव्हतं. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, उकडल्याबिगर तांदूर समजत नाई, लाकूड कसं समजन.

आणि मग ती अट. "मी करून देत नाई, मी दाखवतो, करा तुमीच. होडी तुमची. उद्या मधात पान्यात काई मोडलं तं मले कोठी हाक माराल?" त्या दिवशी राग आला होता, खोटं नाही सांगत. माझ्या डोक्यात होतं की पैसे फेकू अन् मोकळे होऊ. आता त्या होडीतला एक एक स्क्रू कुठं आहे ते अंधारात सांगतो मी.

कसं कसं केलं ते सगळं इथं लिहीत नाही, लांबेल. पण गुण्या पिशवीत परत ठेवला अन् "बंडीच्या चाकाले कोपरा असते काय?" म्हणालात ते लिहितो. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा होडीच्या कुशीला उभा धरला, बोटभर लाकडाच्या तुकड्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधली, अन् तो तुकडा फायबरच्या अंगाअंगानं सरकवत खाली नेला. पुठ्ठ्यावर होडीचं पोट जसंच्या तसं उतरलं. मातीच्या भिंतीला फळी बसवायची असली की असंच करता म्हणे. थ्रीडी चित्रवाल्यांना सांगा कोणीतरी. अन् तळाच्या आडव्या पट्ट्यांना खालून लहान लहान भोकं पाडायला लावली, "बांधीले मोरी ठेवता का नाई, पानी आलं तं जाईन कोठी?" बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. त्या दुकानवाल्यांनी सगळं गच्च बंद करून टाकलं होतं, पाणी अडून अडूनच तर सडलं.

मे महिन्यातलं तेही आठवतं. ४५ डिग्री, अन् मी दुपारी दोन वाजता प्लास्टिकच्या मगात इपॉक्सी, म्हणजे चिकटवायचा पक्का गोंद, अन् तो घट्ट करणारा हार्डनर कालवत बसलो, पाच मिनिटांत मग हातात तापला, धूर निघाला, दगड झाला. हजार-बाराशे रुपये गेले. तुम्ही बाजूला सावलीत बसले होते, हसला नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून पहाटे साडेचारला सायकलची घंटी. मगाऐवजी पसरट ताटात कालवा म्हणालात, पसरलं की तापत नाही, खिचडीचं नाही का. करवतीचा भुसा पिठाच्या चाळणीनं चाळून त्यात मिसळला अन् कोपरे भरले, बायकोची चाळणी गेली ती गेलीच.

पण काकाजी, हे पत्र या कशासाठीच नाही.

हे पत्र पोळ्याच्या आधीच्या त्या सोमवारसाठी आहे. सगळं झालं होतं, केबिनच्या तोंडाशी पायरीवर बसवायला एक जाड लाकूड पाहिजे होतं फक्त. मी म्हटलं साकोलीला जाऊन सागाचा तुकडा आणतो. तुम्ही म्हणालात थांबा, पाहू. दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला बारदान्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब. सोडलं तर जुना उंबरठा. साग, काळा पडलेला, चार बोटं जाड, एका कडेला हळदीचा पिवळा डाग लाकडात मुरलेला. मी विचारलं हा कोठचा. म्हणालात, "आमच्या जुन्या घरचा. पुनर्वसन झालं तवा काढून आनला. खाटेखाली पडून होता, एखांद दिवशी उधई लागन." उधई म्हणजे वाळवी. जसं काही जुनी बादली देऊन रायले.

मी काय बोलू? गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ ची, नंतर वीस-बावीस वर्षं सुनावणी, नोटिसा, मोबदल्याचे कागद, गावंच्या गावं उठली, आमचं वर होतं म्हणून वाचलं. तुमचं खाली होतं. ज्या पाण्यावर मला हौस म्हणून शीड लावून फिरायचंय, त्याच्याच खाली तुमचं घर आहे, ही गोष्ट तुम्ही आठ-नऊ महिन्यांत एकदाही काढली नाही, मला तुमच्या भाच्याकडून कळलं होतं अन् कळल्यावर मी दोन दिवस होडीला हात लावला नव्हता. हे तुम्हाला आज सांगतो आहे.

दोन्ही टोकं कापून मधला भाग घेतला. खालून रंधा मारला, होडीच्या गोलाईवर नीट बसेल असा. सागाला अंगचं तेल असतं म्हणून थिनरनं दोनदा पुसून घेतला, चिकटायला पाहिजे म्हणून. मी रंधा उचलून वरच्या बाजूनं मारायला गेलो, मधात खोलगट झाला होता ना तो, म्हटलं सरळ करून घेऊ. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवला. जोरात नाही, असाच. "वरतून नोका मारू. तेथी पाय बसते."

तुमच्या बाबांचा पाय, तुमच्या आईचा, तुमचे पोरं रांगत गेले असतील त्याच्यावरून, परणून आलेल्या सुना. किती वर्षांची झीज असेल ती, साग काही एका माणसात झिजत नाही. अन् तुम्ही ती मला दिली, बारदान्यात गुंडाळून, अन् वर म्हणता उधई लागन. आज पहाटे माझा पाय बरोबर त्या खळग्यात बसला.

सरळ माणूस म्हणजे काय हे मला मुंबईत २१ वर्षांत जेवढं कळलं नाही तेवढं इथं कळलं. येतो म्हटलं की येणं. जमत नसेल तर नाही म्हणणं. पवनीच्या हार्डवेअरवाल्या पोरानं मला एकदा सांगितलं होतं, काका, तुम्हाला पाहिजे तो प्लाय माझ्याकडं नाही, दुसरा घेऊन फसू नका, गल्ला सोडला त्यानं स्वतःचा. तो मुंबईहून आलेला ट्रकवाला रस्त्यात दोनदा थांबून दोर तपासायचा, कोणी सांगितलं नव्हतं. अशी माणसं आहेत अजून, लय आहेत, फक्त त्यांच्याकडं लोगो नसतो म्हणून सापडायला वेळ लागतो. माझी दोन वर्षं अन् चाळीस हजार गेले सापडायला. अन् हो, उरलेल्या तुकड्यांतून तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्यासाठी, आमच्या नातीला जो नंदी करून दिला त्यानं वाड्यातली सगळी पोरं जळली, तेही इथं नोंदवतो, तिनं सांगितलंय लिहायला.

आता होडीचं म्हणाल तर परवानगीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आहे. जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, पण आहे काठाला, नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान नदीमार्गे आपल्याकडंच येतं ना, तिला काय, खतपाणी चालूच आहे. तिकडं कोणी पाहत असेल तर पाहावं. कागद आला की पहिल्या दिवशी तुम्ही पाहिजे. वैनगंगेवरच्या अंभोऱ्याच्या पुलाकडं जायचं की तुमच्या जुन्या गावाच्या बाजूनं, ते तुम्ही ठरवा. नाही यायचं वाटलं तर तसंही सांगा, मी समजून घेईन.

एक राहिलं. वहीत तुम्हाला द्यायचे ४,५०० रुपये बाकी लिहिलेत. दोनदा घरी आलो तर दोन्ही वेळा तुम्ही मागच्या दारानं बांधीत निघून गेले, काकू हसत होत्या म्हणून कळलं मला. दिवाळीच्या आधी पुन्हा येतो. सकाळी सहाला येतो, न सांगता. मागच्या दाराशीच उभा राहतो.