नाकेबंदीची ढाल पुरे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला क्युबावरचा लेख वाचला. अमेरिकेच्या व्यापारी नाकेबंदीमुळे तिथल्या उपचाराचं जगाला कळलंच नाही, असा त्याचा सूर. लेखकांचा उत्साह दांडगा आहे. कौतुक मलाही आहे. मेनिंजायटिस-बीची (मेंदूज्वराच्या एका प्रकारावरची) लस त्या देशाने नाकेबंदीतच तयार केली, तिची रीतसर चाचणीही घेतली. पण रेटिनायटिस पिगमेंटोझा, म्हणजे नेत्रपटल हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या हवानातल्या शस्त्रक्रियेला 'अमेरिकेने दडपलेला चमत्कार' म्हणण्याआधी थोडं तपासायला काय हरकत होती?

दडपला कुठे? अमेरिकेतल्या बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ डॉ. एलियट बर्सन यांनी हवानाला जाऊन आलेले १० रुग्ण जाण्यापूर्वी आणि परतल्यावर, असे दोन्ही वेळा तपासले. १९९६ साली निष्कर्ष छापला: फायदा नाही, उलट आजार बळावण्याची शक्यता. हवानाचा उपचार काय, तर डोळ्याच्या खोबणीतली चरबी नेत्रपटलामागे बसवायची, रक्तात ओझोन मिसळून ते परत शरीरात सोडायचं, वर विजेची उत्तेजना. जनुकातल्या दोषाने मरणाऱ्या पेशी याने जगतात कशा? नाकेबंदीत टाक्यांचा दोरा मिळाला नसेल, मान्य. पण शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांची तुलना करून दाखवायला वॉशिंग्टनची परवानगी लागत नव्हती. लसीच्या वेळी जमलं ते इथे का नाही?

माझ्या थोरल्या दिरांना हाच आजार. नव्वदच्या दशकात एक एजंट असंच एक कात्रण घेऊन घरी आला. इसारासाठी सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या, आणि एजंट पसार. पाटल्यांचं जाऊ द्या. त्यानंतर कित्येक वर्षं भाऊजींनी काठी हातात धरली नाही, ब्रेल शिकले नाहीत. "ऑपरेशन झाल्यावर कशाला लागतंय?" इथल्या नेत्रतज्ज्ञांनी समजावलं, तर "ते अमेरिकेचीच पुस्तकं वाचून बोलतात." शिकण्याचं वय त्यात गेलं. कात्रण ज्या दैनिकाचं होतं, त्यात बॉस्टनचा निष्कर्ष कधी आला असेल, तर निदान आमच्या नजरेला तरी पडला नाही. आपण तरी छापाल, ही अपेक्षा.

जाता जाता, डोळ्यांच्या आजारावरचा मजकूर फिकट निळ्या पट्टीवर पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरांत छापण्याची कल्पना कोणाची? मला भिंग घ्यावं लागलं.

– एक वाचक, मिरज