दुखणं अंगावर काढू नकोस

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू ट्रेकच्या फॉर्मचा फोटो पाठवलास. खाली लिहिलंस, "आपत्कालीन संपर्कात तुझा नंबर टाकलाय, बरोबर आहे का बघ." नंबर बरोबर आहे. मी मात्र त्याच्या वरचे रकाने वाचत बसले. पूर्वीचे आजार: नाही. शस्त्रक्रिया: नाही. औषधांची ॲलर्जी: नाही. लगेच फोन उचलला होता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. माझा आवाज चढतो, तू "बरं बरं" म्हणतेस आणि शेवटी दोघीही बाबांकडे गाऱ्हाणं नेतो. म्हणून सावकाश लिहायला बसले.

तू जाऊ नयेस म्हणून हे पत्र नाही, ते आधी सांगते. मंदाआत्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. माझी मुलगी स्वतःच्या कमाईतून एव्हरेस्टच्या पायथ्याशी चालत निघाली आहे, हे मी आमच्या जुन्या वॉर्डातल्या सगळ्याजणींना सांगून झालंय. बाबांनी नकाशा छापून आणून कपाटाच्या दाराला चिकटवलाय. लुक्ला, फाकडिंग, नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप. प्रत्येक गावाशेजारी पेन्सिलीने उंची लिहिली आहे. रोज सकाळी चहाच्या आधी ते नामचेचं तापमान बघतात आणि मला ऐकवतात. मी विचारलेलं नसतं, तरी ऐकते.

त्या उंच्या बघून पोटात गोळा येतो एवढं खरं. कळसूबाई १,६४६ मीटर. तुझा आजवरचा सगळा सराव तिच्या आसपासचा. लुक्ला २,८६० मीटरवर आहे, म्हणजे विमानातून उतरशील तेव्हाच तू कळसूबाईच्या बाराशे मीटर वर असशील, तेही एक पाऊलसुद्धा न टाकता. बेस कॅम्प ५,३६४. तिथे हवेत ऑक्सिजन इथल्यासारखाच एकवीस टक्के असतो, पण हवेचा दाबच निम्म्यावर आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला जवळजवळ निम्माच मिळतो. यात तुझ्या जिन्याच्या सरावाचा उपयोग नाही. पाय तयार होतील, दम वाढेल, पण उंची कोणाला बाधेल आणि कोणाला नाही हे तब्येत बघून सांगता येत नाही. उलट धडधाकट तरुण माणसं भराभर चढतात आणि आधी आडवी होतात.

तू म्हणालीस, "अगं ग्रुप आहे, गाइड आहे, काळजी कसली?" मुक्ता, मला ग्रुपचीच काळजी वाटते. एकट्याने निघालेल्या माणसाचं डोकं दुखलं तर तो एक दिवस थांबतो. ग्रुपमधला माणूस गोळी घेतो आणि निघतो. सगळ्यांच्या रजा मोजून घेतलेल्या, परतीचं विमान ठरलेलं, सकाळी सात वाजता सगळे सॅक लावून उभे. अशा वेळी "मला बरं वाटत नाही" म्हणायला केवढं धैर्य लागतं! आणि तू तर घरातसुद्धा ते म्हणत नाहीस.

दहावीचा विज्ञानाचा पेपर आठवतोय ना? मी रात्रपाळी करून आले होते आणि गॅलरीत उभी होते. तू फाटकातून आत आलीस. उजव्या बाजूला किंचित वाकलेली, उजवा पाय टाच न टेकवता पुढे टाकत होतीस, आणि दप्तर पोटाशी धरलं होतंस. तेवढ्या दहा पावलांत मला कळलं. वर आल्यावर विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं, बसून बसून पाय अवघडलाय." आदल्या रात्रीपासून दुखत होतं. अख्खा पेपर तू तसा लिहिलास. संध्याकाळी ऑपरेशन झालं तेव्हा अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात होतं, सर्जननी ते मला ट्रेमध्ये दाखवलं. त्या पेपरात तुला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. नानांनी गुणपत्रिका किती जणांना दाखवली याला हिशेब नव्हता. मलाही अभिमान वाटला होता, तो नाकारत नाही. पण ते गुण बघितले की अजूनही मला आधी तो ट्रे आठवतो. आणि आज तू फॉर्मवर लिहितेस, शस्त्रक्रिया: नाही.

सल्फाचंही तसंच. तू दोन वर्षांची होतीस, सल्फाचं औषध घेतल्यावर अंगभर पुरळ उठलं होतं. तुला आठवणं शक्य नाही, पण मी शंभरदा सांगितलंय. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून जी डायमॉक्सची गोळी देतात ना, अॅसिटाझोलामाइड, ती त्याच कुळातली. सल्फाची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला ती बाधतेच असं नाही, बहुतेकांना काही होत नाही. तरी ते डॉक्टरांनी ठरवायचं, तू नाही, आणि ग्रुपमधल्या कोणा हौशी माणसाने तर नाहीच. डॉ. काकांकडे जा, सगळं सांग, ते म्हणाले तर पहिली गोळी इथे त्यांच्या नजरेखाली घे. बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं, ते चालतं. पुरळ उठलं तर मात्र बंद. आणि फॉर्म दुरुस्त करून आजच पाठवून दे. आजार लपवल्याचं दिसलं की विम्याचीही अडचण होऊ शकते. विमा ६,००० मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरसकट आहे ना, तेही बघ. ढग उतरले की हेलिकॉप्टर येत नाही, हेही लक्षात ठेव.

व्याख्यान द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं ड्युटीवर सूचना देण्यात गेली, त्याच स्वरात लिहिलं जातं. राग मानू नकोस. पण आता सुरुवात केलीच आहे तर पुढचंही वाच.

डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं होणं, वाजवीपेक्षा जास्त थकवा. उंचीवर यातलं काहीही झालं तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरायचं. ऊन लागलं असेल, झोप झाली नसेल, काल काही बाधलं असेल, असं स्वतःला समजवायचं नाही. असं वाटत असताना आणखी वर जाऊन झोपायचं नाही. आणि वाढत चाललं तर खाली उतरायचं, रात्र असो की पहाट. पॅरासिटामॉल घ्यायची तर घे, पण घेतलीस हे गाइडला सांग. झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग येते, ते तिथे पुष्कळांना होतं, त्याला घाबरू नकोस. झोपेची गोळी मात्र अजिबात नको.

ज्याला घाबरायचं ते वेगळं आहे. स्वस्थ बसलेली असतानाही धाप लागणं, सुटत नाही असा खोकला, पुढे फेसाळ, गुलाबी कफ. ते फुप्फुसात पाणी झाल्याचं लक्षण. मी ते वॉर्डात पाहिलंय, जिथे भिंतीत ऑक्सिजन होता आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर होते. दुसरं म्हणजे चाल. मेंदूला सूज येऊ लागली की माणूस झिंगल्यासारखा चालतो, बोलणं असंबद्ध होतं. एक सोपी परीक्षा आहे: सरळ रेषेत एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत चालून बघायचं. तोल गेला तर पुढची चर्चाच नाही, ताबडतोब खाली, आणि कधीही एकटीने नाही. पण तोपर्यंत माणसाचं स्वतःचं डोकंच ठिकाणावर नसतं. ते दुसऱ्याने ओळखावं लागतं. तुझी चाल मला दोन मजल्यांवरून ओळखता येते. तिथे ज्यांनी तुला आधीच्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं, त्यांना काय कळणार, ही तुझी नेहमीची चाल की बिघडलेली? तूच सांगितलंस तरच कळणार. फिरून फिरून मी इथेच येते, माझा इलाज नाही.

तुमचा कार्यक्रम तसा बरा आखलेला दिसतो, हे मान्य. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच राहावं, असा दंडक आहे. बाबांनी पेन्सिलीने हिशेब करून बघितला. तेंगबोचे ते दिंगबोचे साडेपाचशे भरतात, लोबुचेलाही थोडे जास्त, पण नामचेला आणि दिंगबोचेला दोन-दोन रात्री आहेत. त्या विश्रांतीच्या दिवसांना कोणी कंटाळलं आणि "पुढे जाऊ या" म्हणालं, तर तू हो म्हणू नकोस. दिंगबोचेच्या टेकाडापलीकडे फेरिचे आहे. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासूनचा. मोसमात तिथले डॉक्टर दुपारी ट्रेकर्सना उंचीच्या आजाराबद्दल माहिती देतात. त्या दिवशी जमलं तर जा. माझं ऐकून कंटाळली असशील, त्यांचं तरी ऐकशील.

पुढे थुकल्याचा चढ संपला की एव्हरेस्टवर आणि आसपासच्या शिखरांवर गेलेल्यांची स्मारकं आहेत. मी फोटो बघितले आणि लॅपटॉप मिटून टाकला. ती माणसं शिखरांवर गेली होती, तू पायथ्यापर्यंतच जाणार आहेस, असं बाबा समजावतात. पण पायथ्यापर्यंत चालत जाणारेही उंचीने दगावले आहेत, आणि ते मी बाबांना बोलले नाही. तुला सांगते, कारण तू मोठी आहेस.

काठमांडूला पोचलात की पहिल्याच बैठकीत लीडरला सगळ्यांसमोर विचार: एखाद्याला उतरावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण जाणार? बाकीच्यांना कोण नेणार? उत्तर ठाम असेल तर निर्धास्त राहा. गुळमुळीत असेल तर मला कळव. आणि हमालांचंही विचार. त्यांच्यातले कित्येक खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात, उंची त्यांनाही आपल्यासारखीच बाधते, आणि तेही मजुरी बुडेल म्हणून दुखणं अंगावर काढतात. कोणी आजारी पडला तर त्याला एकट्याला खाली पाठवू देऊ नका. तुमचं ओझं त्यांच्या पाठीवर असतं.

हे सगळं लिहिताना सारखं वाटतं, तुला जे बघायला मिळणार त्याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. एप्रिलमध्ये तेंगबोचेच्या वाटेवर ऱ्होडोडेंड्रॉन, तिकडे त्याला गुरांस म्हणतात, फुललेला असतो, तांबडालाल. तिथल्या मठाच्या अंगणातून समोर आमा दब्लमचं शिखर दिसतं. तो मठ १९८९ मध्ये आगीत जळाला आणि लोकांनी पुन्हा उभा केला. लहानपणी तू नानांच्या अंगणातल्या मातीच्या ढिगाऱ्याला हिमालय म्हणायचीस आणि शेंड्यावर चमचा रोवायचीस. मला कोणी सांगितलं असतं की ही पोर खरंच तिथे जाईल, तर मी हसले असते. जा, पोटभर बघ. याक आले की डोंगराच्या बाजूला उभी राहा, दरीच्या नको. पाणी पीत राहा. पाळीची तारीख त्याच दिवसांत येते आहे, सामान पुरेसं घे, संकोचून पाणी कमी पिऊ नकोस.

आणि समजा नामचेवरूनच परत यावं लागलं, तर ये. कोणी काही म्हणणार नाही, आणि म्हणालं तर मी बघून घेईन. ३,४४० मीटर ही काही थोडी उंची नाही. तुझ्यापायी दहा माणसं एक दिवस खोळंबली तरी चालेल. त्यांच्या घरीही माझ्यासारखं कोणी पत्र लिहीत बसलेलं असेल.

लुक्ल्याला उतरलीस की बाबांना फोन कर. ते विचारणार नाहीत, पण त्या दिवशी ते कुठेही जाणार नाहीयेत. परतीच्या विमानासाठी दोन दिवस हातचे राखलेस हे फार चांगलं केलंस, तिथे हवा बिघडली की विमानं दिवसेंदिवस उडत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. मुक्कामाला तुझ्या खोलीत जी मुलगी असेल, तिला सल्फाचं आणि तुझ्या न सांगण्याचं, दोन्ही पहिल्याच रात्री सांग. रोज सकाळी तू तिला विचार, तिने तुला विचारावं, आणि दोघींनी खरं सांगावं. तिचा नंबर मला पाठवून ठेव. मी उगीच फोन करणार नाही.