विनूस पत्र: क्रूस, अंगठ्या आणि कागदपत्रं

लंडन

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. शिवराई नाण्यांवरून थेट कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, उडी मारलीस, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. तू विकत घ्यायला निघालायस तो जुना क्रूस खरा वाटतो का, असं विचारलंयस. खरा असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही घेऊ नकोस. का, ते लिहूनच सांगतो, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आधी ती वस्तू काय आहे ते बघ. याला एन्कोल्पियन म्हणतात, गळ्यात घालून छातीवर वागवायचा क्रूस. दोन पोकळ अर्धी, वर आणि खाली बिजागरी, आणि मधल्या पोकळीत एखाद्या संताच्या अस्थीचा कण किंवा तीर्थक्षेत्राची माती. बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून चालणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्यात धार्मिक चित्रांवरची बंदी ८४३ मध्ये कायमची उठली. त्यानंतर बाराव्या शतकापर्यंत आनातोलिया (आजचं तुर्कस्तान) आणि बाल्कन भागात असे कांस्याचे क्रूस मुबलक तयार झाले. एका बाजूला क्रुसावरचा ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला हात वर करून प्रार्थना करणारी त्याची आई मारिया, ही नेहमीची जोडी. तुझ्या फोटोत मारियाच आहे, आणि तिचा चेहरा जवळजवळ पुसला गेलाय. ही चांगली खूण. छातीवरच्या कपड्याला घासून उंचवट्याचा भागच आधी झिजतो. नकली क्रुसावर झीज सगळीकडे सारखीच असते, खोलगट जागांतसुद्धा, आणि हिरवा थर रंग मारल्यासारखा एकजात दिसतो. वरच्या कडीची आतली कड भिंगाखाली बघायला हवी. दोर किंवा साखळी तिथे वर्षानुवर्षं लोंबलेली असेल तर धातू वरच्या अंगाला खाल्ला गेलेला दिसतो. पुष्कळदा जमिनीतून एकच अर्धं निघतं. मग व्यापारी दुसरीकडचं अर्धं आणून जोड जुळवतात आणि 'संपूर्ण' म्हणून दुप्पट भाव सांगतात. बिजागरीचे दात एकमेकांत नीट बसतात का, ते म्हणून बघायचं.

पण हे सगळं जमलं तरी माझा नकार कायम आहे. विक्रेत्याने तुला लिहिलंय, 'युरोपातील जुन्या संग्रहातून'. कुणाचा संग्रह? कुठल्या गावी? कधीपासून? एखादी जुनी पावती, लिलावाच्या यादीतलं पान, काहीतरी? त्यातलं काहीच नसेल तर ते वाक्य निव्वळ शोभेचं आहे. तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेण्यावर ऑटोमन काळापासून, १८८४ च्या कायद्यापासून बंदी आहे. पुरातन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, म्हणून त्याआधी वस्तू मूळ देशाबाहेर होती हे दाखवणारा कागद असला तर जाणकार संग्राहक पुढे बोलतो. सीरियातून लुटीचा माल इतका वाहू लागला की २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला ठराव २१९९ करून त्याच्या व्यापारावर बंदी घालावी लागली. छोट्या वस्तूंचं दुखणं हेच आहे. मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र, किंवा भित्तिचित्र चोरलं तर भिंत बोडकी दिसते. क्रूस खिशातून जातो, आणि कुठल्या थडग्यातून किंवा कुठल्या चर्चच्या फरशीखालून निघाला हे कळायची वाट बंद होते.

मोठ्या लोकांचंही यात हसं झालंय. सायप्रसच्या उत्तर भागात लिथ्रांगोमी गावी कानाकारिया चर्च आहे. १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर तिथली सहाव्या शतकातली मोझेकं कुणीतरी भिंतीवरून खरवडून नेली. १९८८ मध्ये इंडियानाच्या एका कलाव्यापारी बाईंनी त्यातले चार तुकडे दहा लाख डॉलरहून जास्त मोजून घेतले. सायप्रसच्या चर्चने इंडियानापोलिसच्या न्यायालयात दावा लावला, १९८९ मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला आणि तुकडे परत गेले. पैसे प्रामाणिकपणे दिले होते, हा बचाव टिकला नाही. दुसरं उदाहरण मला जास्त छळतं. तुर्कस्तानात कुमलुजा इथे १९६३ मध्ये सहाव्या शतकातल्या चर्चच्या चांदीचा साठा सापडला, त्याला सायन खजिना म्हणतात. त्याचा एक भाग आज अंतल्यात आहे आणि मोठा भाग वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स या संशोधन संस्थेत. ज्यांनी बायझंटाईन अभ्यासाला घर दिलं त्याच संस्थेत ही चांदी आहे. त्यांच्यामुळे ती नीट अभ्यासली गेली हे खरं, पण फाटलेला साठा तो फाटलेलाच.

सोन्याचं विचारलंयस. कानातली चंद्रकोरीची, जाळीकामात समोरासमोर मोर कोरलेली कर्णफुलं बघितलीस की मान्य करावंच लागतं, त्या सोनारांना तोड नव्हती. पाचव्या शतकात सम्राट लिओने कायदाच केला होता, पुढच्या सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंहितेत तो आहे: लगामावर, खोगिरावर आणि कमरपट्ट्यावर मोती, पाचू आणि नीलम फक्त सम्राटाला, बायकांचे दागिने आणि बायकापुरुषांच्या अंगठ्या मात्र चालतील. पण सोनं वितळतं, आणि १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा पुष्कळ वितळलंही. उरलं ते बहुतेक संकटात पुरून ठेवलेलं. म्हणून आज बाजारात येणाऱ्या सोन्याच्या तुकड्यामागे दोन शक्यता जास्त: ताजं उकरलेलं, किंवा ताजं घडवलेलं. दोन्ही नकोत.

बायझंटाईन सोनं बघायचंच असेल तर तुला लांब जायला नको. थिओडोसियस दुसरा, अनास्तासियस, जस्टिन यांची सुवर्णनाणी, म्हणजे सॉलिडस, दक्षिण भारतात सापडली आहेत. एका रोमन पौंडात बहात्तर बसणारं, साधारण साडेचार ग्रॅमचं नाणं. त्यांतल्या पुष्कळांना सम्राटाच्या डोक्यावर शेजारी-शेजारी दोन भोकं आहेत. इथल्या कुणीतरी ती ओवून गळ्यात घातली होती. सम्राट कोण, याची फिकीर कुणाला!

माझा जीव कशात रमतो सांगू? कांस्याच्या साध्या अंगठ्यांत, ज्यांवर 'कीरिये वोईथी', म्हणजे 'प्रभो, साहाय्य कर', एवढंच कोरलेलं असतं आणि पुढे कधी मालकाचं नाव. आणि पवित्र अश्वारूढाच्या ताईतांत. पाचव्या ते सातव्या शतकातले हे पातळ पत्रे बहुतेक सीरिया-पॅलेस्टाइन भागातले. घोड्यावर बसलेला बायबलमधला शलमोन राजा भाल्याने खाली पडलेल्या राक्षसिणीला भोसकतोय आणि भोवती 'एकच देव, वाईटाला जिंकणारा' अशी अक्षरं. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तुमच्या देवघरातला खंडोबाचा टाकच आठवला. मागच्या बाजूला कधी दृष्ट लावणारा डोळा असतो, त्यावर भाले, विंचू, साप, सिंह असे सगळे तुटून पडलेले. चर्चचे धर्मगुरू अशा ताईतांवर चिडत, तरी माणसं ते बाळगतच. साम्राज्याचा इतिहास मला राजवाड्यापेक्षा इथे जास्त समजतो.

त्याच जातीच्या मातीच्या कुप्या, संत मेनासच्या. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबू मेना या त्याच्या तीर्थक्षेत्री पाचव्या शतकाच्या अखेरीपासून सातव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या तयार होत. साच्यातून काढलेली दोन अर्धी चिकटवायची, मान आणि दोन कान लावायचे. पुढे हात वर केलेला मेनास, दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले उंट. त्याचं शव वाहणारा उंट एका जागी अडला, पुढे हलेचना, म्हणून तिथेच समाधी झाली, अशी कथा. यात्रेकरू तिथलं पाणी किंवा समाधीच्या दिव्याचं तेल भरून घरी न्यायचे. एक कुपी तर इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मील्सला सापडली! खुद्द क्षेत्राची अवस्था दयनीय होती. शेतीच्या पाण्याने भूजल चढलं, खालची चिकणमाती लिबलिबीत झाली आणि २००१ मध्ये युनेस्कोने त्याला धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातलं.

या कुप्या इतक्या निघाल्या आहेत की जुन्या कागदांसकट मिळणं अशक्य नाही. १९०५ ते १९०७ मध्ये कार्ल मारिया कॉफमनने तिथे उत्खनन केलं, आणि त्या काळात युरोपात आलेल्या कुप्या जुन्या घरांतून अधूनमधून लिलावाला येतात. कडा फुटलेली, एक कान गेलेली घे. पण मागे चिकटवलेली जुनी चिठ्ठी असू दे, आणि ती चिठ्ठी कधी काढू नकोस.

आणि कधी कांस्याचं काही घेतलंसच, तर पुण्याच्या पावसाळ्याची काळजी घे. धातूत क्षार अडकलेले असले आणि ओल लागली की फिकट हिरवी भुकटी सुटते आणि वस्तू आतून पोखरत जाते. हवाबंद डबी, सिलिका जेलच्या पुड्या, हाताळताना हातमोजे. काकूंना ताकीद दे: चिंच-मीठ लावून घासायचं नाही, पितांबरी तर नाहीच. मिठातला क्लोराइड हाच तर मुळात शत्रू.

विक्रेत्याला मात्र कागद मागणारं दोन ओळींचं पत्र जरूर टाक. उत्तर काय येतं ते मला कळव, मला त्यातली गंमत हवी आहे.

उन्हाळ्यात ये. ब्रिटिश म्युझियमच्या ४१ क्रमांकाच्या दालनात तुला सोडतो आणि दुपारी घ्यायला येतो. वहिनींना आणि काकूंना नमस्कार. येताना थालीपीठाची भाजणी आण, इथे मिळते ती भुश्श्यासारखी लागते.

तुझा,
अनिल